कुतचा वेढा : बसऱ्याला गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी

कृष्णाकाठ

माझे पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघेही 117 व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि 1914 च्या नोव्हेंबरात ही पलटण 16 व्या पूना ब्रिगेडबरोबर इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी फावला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा घेतलं गेलं. पुढच्या वर्षी दोघे भाऊ आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले. थोरले परत आले, धाकटे आले नाहीत.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. पणजोबांच्या मांडीवर वाढलेलं घरातलं शेवटचं माणूस म्हणजे माझी थोरली आत्या. यंदा दिवाळीत तिच्याजवळ बसून आठवेल ते सगळं लिहून घेतलं. तिची स्मरणशक्ती अजून लख्ख आहे, पण वय पंचाऐंशीच्या पुढे गेलंय. म्हणून घाई केली आणि म्हणूनच हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली सहावी पूना डिव्हिजन होती. तिच्या तीन ब्रिगेडींची नावंच पूना, अहमदनगर आणि बेळगाव. 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या, प्रत्येक ब्रिगेडीत एक. टायग्रिसच्या काठाकाठाने ही फौज बगदादकडे निघाली आणि 22 नोव्हेंबर 1915 ला टेसिफॉनला तुर्कांशी भिडली. तिथे साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या त्या स्प्रिंग नसलेल्या गाड्या. आत्या पणजोबांना आबा म्हणते. ती सांगते, "आबा म्हणायचे, गाडीतली माणसं वरडायची तवर बरं वाटायचं. गप झाली की भ्या वाटायचं."

तिथून माघार घेत 3 डिसेंबरला फौज कुतला आली. नदीच्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं गाव. 7 तारखेपासून तुर्कांनी वेढा आवळला तो 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळजवळ पाच महिने. सोडवायला खालून फौजा येत होत्या. त्यांचे तेवीस हजारांवर मृत आणि जखमी झाले, पण त्या पोचल्याच नाहीत. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यात बहुतेक आपलीच.

आता घरातली गोष्ट. जानेवारीच्या अखेरीपासून कुतमध्ये घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या पलटणींनी खाल्ली. आपल्या माणसांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, तरी नाही. मी आत्याला विचारलं, मटण खाणारी माणसं ती, मग एवढं काय? ती म्हणाली, "घोडं म्हंजी खंडोबाचं वाहन. त्याला तोंड कसं लावायचं? आन् गावाकडं कळलं तर घरातल्या पोरींना कोण करून घेणार?" मी बरंच वाचलंय या वेढ्यावर. सोयरीक तुटण्याच्या भीतीचा उल्लेख त्यात येतो, खंडोबाचा मात्र मी कुठेही वाचला नाही.

एप्रिल उजाडला तेव्हा माणशी जेमतेम चार औंस जवाचं पीठ मिळत होतं. एका भाकरीपुरतं. हिरड्या सुजून दात हलायला लागले होते. बांधावरचं तण खुडून भाजी करायचे, त्यातलं काही विषारी निघायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाउनशेंडनी घोडं खाण्याचा सक्त हुकूम काढला आणि मग हजारोंनी खायला सुरुवात केली. आमच्या थोरल्यांनी खाल्लं. धाकट्यांनी नाही. थोरल्यांनी त्यांना आईची शपथ घातली, पुढे एकदा थोबाडीतही मारली. नाहीच.

शरणागतीनंतर सगळ्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेलं. तिथे तुर्कांनी कडक बिस्किटं दिली. दगडासारखी. महिनोन्महिने उपाशी असलेल्या पोटांना ती सोसली नाहीत, शेकडो माणसं हगवणीने गेली. आमचे धाकटे तिथेच गेले. अग्नी द्यायला लाकूड नव्हतं. थोरल्यांनी हाताने वाळू उकरून त्यांना पुरलं.

थोरले तिथून पुढे बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल असं बहुतेक चालत रास-अल-ऐनला गेले. रेल्वेच्या कामावर. 1919 मध्ये घरी आले. पहिल्याच रात्री त्यांनी आईला सांगितलं, "मी घोडं खाल्लं, बारक्यानं न्हाई खाल्लं." आईने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांना जेजुरीला घेऊन गेली, भंडारा वाहिला, एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत ते दर सोमवती अवसेला चालत जेजुरीला जायचे. घरातल्या पोरांना वाटायचं आजोबांची भक्ती मोठी. खरं कारण फक्त आत्याला माहीत होतं, तेही त्यांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं म्हणून.

आमच्याकडे पणजोबांची दोन पदकं आहेत, कागद एकही नाही. धाकट्यांचं तर काहीच नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल तर लिहा. मोठी लढाई नको, जे ऐकलंत तेवढंच लिहा.

---

जुना_दप्तरी

फार महत्त्वाचं लिहिलंत. आधी कामाचं सांगतो.

पदकांची कड बघा. समोरची बाजू सगळ्यांची सारखीच असते, माहिती असते ती कडेवर : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, बारीक इंग्रजी अक्षरांत. '1914–15 चा स्टार' हे पदक असेल तर ते ब्राँझचं, आणि हा मजकूर त्या पदकाच्या पाठीवर असतो. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं जातात. तिरपा उजेड पाडून मोबाइलवर फोटो काढा.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. आपल्याकडच्या कित्येक शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंग मात्र ज्या कारकुनाने जसं ऐकलं तसं. आडनावावर अडून बसू नका. नंबर आणि पलटण टाका.

आणखी एक. बरेच लोक दिल्लीला इंडिया गेटवर नाव शोधायला जातात. तिथे कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि 1919 च्या अफगाण युद्धातल्या लोकांची आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ज्यांची कबर नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे.

---

शास्त्री_नदी

रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वराच्या बाजूचं गाव. माझ्या आजीचे वडील 110 व्या मराठा पलटणीत. कुतमध्ये होते एवढं नक्की, पुढचं काही कळलं नाही. सरकारी कागद आला त्यात 'बेपत्ता' असं होतं, असं आजी सांगायची.

पणजी तेव्हा वीस-बावीसची. बेपत्ता म्हणजे मेला नाही, हे तिने धरून ठेवलं. कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या पण कुंकू लावताना हात आखडायचा, ते तिला कळायचं. मुंबईहून बोट लागली की कुणीतरी चाकरमानी बातमी आणेल म्हणून ती धक्क्यावर माणूस पाठवायची. बारा वर्षं. मग भटजींनी सांगितल्याप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. दिराने दिला, मुलगा नव्हता.

आजी तेव्हा तेरा वर्षांची होती, तिला सगळं आठवत होतं. पुतळ्याला वडिलांचा सदरा घातला होता. तो सदरा पणजीने बारा वर्षं दर पावसाळ्यानंतर उन्हात घालून परत ट्रंकेत ठेवलेला. आजी म्हणायची, "सदरा जळताना आई पहिल्यांदा रडली. पानं जळताना नाही."

कृष्णाकाठ, तुमच्या पणजोबांनी निदान भावाला स्वतःच्या हाताने माती दिली. आमच्याकडे ते सुद्धा नाही.

---

भीमथडी

मी जरा वेगळ्या बाजूचं लिहितो.

आमचे खापरपणजोबा कुतला होते पण शिपाई नव्हते. फॉलोअर. खेचरांच्या तांड्यावर. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची पलटणीतली भरती बंद केली, त्यामुळे ज्या घरात तीन पिढ्या सुभेदार-हवालदार होते त्या घरातल्या पोराला खेचरं हाकायला जावं लागलं. भरती पुन्हा सुरू करा म्हणून महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये विलायतेपर्यंत अर्ज केला होता. 111 वी महार पलटण उभी राहिली ती 1917 ला. तोवर कुत पडून वर्ष झालं होतं, आणि युद्ध संपल्यावर ती पलटणही मोडली.

कुतमध्ये शरण गेलेल्यांत तीन हजारांवर फॉलोअर होते. खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी, सफाईवाले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, गोळ्या मात्र तितक्याच लागल्या. नदीवरून पाणी आणायचं काम भिस्त्यांचं, आणि पलीकडच्या काठावर तुर्कांचे नेमबाज बसलेले.

आमच्या घरी गोष्ट सांगतात ती एकाच खेचराची. त्याला ते 'राणी' म्हणायचे. तिला कापायला नेलं तेव्हा त्यांनी दोर सोडला नाही, शेवटी हवालदाराने हात सोडवून घेतला. त्या दिवशीच्या वाटपातलं मटण त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घेतलं. जगायचं होतं.

ते परत आले. पदक मिळालं होतं, 1972 च्या दुष्काळात मोडलं. मोडलं तेव्हा माझे वडील बरोबर होते. सोनाराने आधी वजन केलं.

---

नवा_वाचक

सगळं वाचून सुन्न झालो. एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. ही माणसं इंग्रजांसाठी लढली, तीही दुसऱ्याचा देश घ्यायला. आपण त्यांना कोणत्या नात्याने आठवायचं? माझ्या घरातही एक जण होते, पण वडील त्यांचा विषय निघाला की म्हणायचे, "तो साहेबाचा नोकर होता, त्यात काय सांगायचं."

---

जुना_दप्तरी

@नवा_वाचक, शिपायाला महिना 11 रुपये पगार होता. कोरडवाहू चार एकरांत सहा भावांचं भागत नसेल तर 11 रुपये म्हणजे काय, हे तुमच्या वडिलांच्या आजीला विचारता आलं असतं तर तिने सांगितलं असतं. मेसोपोटेमिया कुठे आहे हे जाणाऱ्याला माहीत नव्हतं आणि पाठवणाऱ्याला त्याच्या मताशी कर्तव्य नव्हतं.

साम्राज्याचं समर्थन मी करत नाही. टाउनशेंड यांची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात गेली, कैदेत असतानाच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. आणि त्यांचे शिपाई रास-अल-ऐनच्या उन्हात रूळ टाकत मरत होते. हे सांगायचं तर शिपायाचं नाव आधी माहीत हवं. साहेबाचं सगळं लिहून ठेवलेलं आहे.

---

भीमथडी

+1. आणि "नोकर होता" असं म्हणून विषय संपवला की साहेबाचंच काम सोपं होतं.

---

शत_अल_अरब

मी 1979 ते 81 बसऱ्याला एका बांधकाम प्रकल्पावर होतो. आता निवृत्त. तेव्हा बसरा स्मारक शहराच्या उत्तरेला माकिल बंदराजवळ होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तीन-चार मराठी मुलं सहज गेलो होतो.

पांढऱ्या दगडाचे खांब, लांबच लांब ओवरी, मधे उंच स्तंभ, आणि ओवरीच्या भिंतीवर पाटीच्या दगडाचे फलक. चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक आहे हे. इंग्रज पलटणींच्या फलकांवर साध्या सोजिराचंही नाव होतं. पुढे सरकत आपल्या पलटणी आल्या. मराठा पलटणीचं नाव दिसल्यावर आम्ही थांबलो. सुभेदार, जमादार अशी थोडी नावं, आणि खाली इतके-इतके 'इतर हिंदी शिपाई'. फक्त आकडा.

आमच्यातला एक जण पाटणचा होता. तो त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या घरचं कुणी असेल का, हे त्याला ठाऊक नव्हतं. असणारच, असं तो म्हणाला.

हे स्मारक 1997 मध्ये तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं, त्यामुळे आता सहज जाऊन बघता येईल अशी ती जागा नाही. 2021 मध्ये वॉर ग्रेव्हज कमिशनने जाहीर माफी मागितली, की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत भेदभाव झाला, आणि एक लाखाहून जास्त माणसांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. ती बातमी वाचली त्या दिवशी मी पाटणच्या मित्राला फोन केला होता.

---

शास्त्री_नदी

आपल्याकडच्या गावागावांतले दगडही तसेच आहेत, नाही का? 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, पैकी इतकी कामी आली. आमच्या शेजारच्या गावात चावडीच्या भिंतीत असा दगड आहे, त्यावर दोन आकडे आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं, तिथले पहिल्या महायुद्धात 46 जण कामी आले. पंजाबात निदान गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, त्यात तीन लाखांवर शिपायांची नावं आहेत. आपली गावं दगडावरच्या आकड्यावर थांबली.

---

बेळगावकर

पलटणींचा पुढचा माग ज्यांना काढायचा असेल त्यांच्यासाठी : 1922 च्या फेररचनेत नंबर बदलले. 103 ची झाली पहिली/पाचवी मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण), 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी 'रॉयल'. घरात कुणी "आजोबा थर्ड मराठात होते" म्हणत असेल आणि काळ 1915 चा असेल, तर घोटाळा इथे होतो.

@शास्त्री_नदी, तुमच्या पणजोबांची 110 म्हणजे पुढची तीन/पाच. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. माझे आजोबा त्याच पलटणीत होते. ते सांगायचे की जुन्या हवालदारांकडून कुतच्या गोष्टी रिक्रूटांना ऐकवल्या जायच्या, पण शौर्याच्या म्हणून नाही. "ताटातलं टाकू नको, कुतमध्ये काय खाल्लं माहीत आहे ना?" अशा.

103 वाल्यांसाठी : 24 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी कुतच्या गढीला भगदाड पाडून हल्ला केला, तो परतवणाऱ्यांत ऑक्सफर्डच्या गोऱ्या पलटणीबरोबर 103 वी मराठा होती. हातघाईची आणि हातबॉम्बची लढाई होती ती.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही कारण गावी गेलो होतो.

जुना_दप्तरींनी सांगितलं तसं पदक उन्हात तिरपं धरलं. नंबर वाचता आला. पण गंमत अशी की दोन पदकांवर दोन वेगळे नंबर आणि दोन वेगळी नावं आहेत. एक पणजोबांचं. दुसरं धाकट्यांचं. शंभर वर्षं दोन्ही पणजोबांचीच समजून एका डबीत ठेवली होती.

आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मग. आबा एकच लावायचे झेंडावंदनाला. दुसरं माझं न्हाई म्हणायचे." आम्हाला वाटायचं दुसऱ्याची पिन तुटली असावी.

दुसरा नंबर संकेतस्थळावर टाकला. नोंद मिळाली. आडनाव पार बिघडवलंय, पण वडिलांचं नाव आणि गाव बरोबर आहे. तारीख मे 1916. बसरा स्मारक. आत्याला वाचून दाखवलं. तिने तारीख पुन्हा वाचायला लावली आणि तिथी विचारली, कारण आजवर त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीलाच व्हायचं. पंचांग काढून देतो म्हटलंय. जुनं 1916 चं, म्हणजे शके 1838 चं पंचांग कुणाकडे असेल तर तेवढ्या पानाचा फोटो टाका.

---

शास्त्री_नदी

पंचांग आमच्याकडे माळ्यावर असण्याची शक्यता आहे, भावाला सांगते बघायला.

मीही काल आईकडून पणजोबांचं पूर्ण नाव लिहून घेतलं. नंबर नाही, फक्त नाव, वडिलांचं नाव, गाव आणि 110. बेळगावकर, एवढ्यावर शोधायला कुठून सुरुवात करू?

---

बेळगावकर

पुरेसं आहे. आधी नोंदीत पलटण 110 निवडा, मग देश इराक, मग आडनावाची पहिली दोन अक्षरं. यादी मोठी येईल पण हजारांत नाही. रविवारी वेळ आहे मला, गावाचं नाव संदेशातून पाठवा, दोघं मिळून अर्धी-अर्धी बघू. भीमथडी, तुम्हीही पाठवा. फॉलोअरांची नोंद पलटणीखाली सापडणार नाही, मेलेल्यांची वेगवेगळ्या खात्यांखाली आहे. तुमचे खापरपणजोबा परत आले, पण त्यांच्या तांड्यातले जे आले नाहीत त्यांची नावं घरात कुणाला आठवत असतील तर तीही द्या.

---

भीमथडी

दोन नावं आठवतात काकांना. एक आमच्याच वाड्यातलं. रात्री पाठवतो.